घरात कळता कामा नये

सासऱ्यांना वाढदिवसाला व्हिडिओ गेममधलंच काहीतरी द्यायचं, हे सुनेनं पक्कं केलं होतं. काय द्यायचं, तेवढंच कळत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. सासरे बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या तेव्हा ते नुसते बसून राहायला लागले, म्हणून मुलानं आपलं जुनं गेम खेळायचं मशीन त्यांच्या खोलीत लावून दिलं. त्यात ते असे रमले, की जेवायला हाकांवर हाका माराव्या लागत.

गेमच्या दुकानातल्या बाईनं विचारलं, "कुठलं मशीन आहे त्यांच्याकडे? खेळतात काय?"

"काळं आहे," सून म्हणाली. तिला याहून जास्त काही सांगता येईना.

म्हणून त्या संध्याकाळी ती सासऱ्यांच्या खोलीपाशी गेली. दार लोटलेलं होतं आणि आत ते हेडफोन लावून हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते.

"चिमणे, तू आहेस म्हणून निभतंय. सांगशील तसं करतो. पण घरात कळता कामा नये."

सून आल्या पावली परतली. नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायला लागला. "बाबांना मैत्रीण मिळाली असेल. तुझं काय जातं?"

"गोड बोलून म्हाताऱ्यांना गुंडाळणाऱ्या बायका असतात. घरात कळता कामा नये, असं काय असतं रे?"

तिची झोप उडाली. मग एकेक आठवायला लागलं. सासऱ्यांचं हल्ली दार लावून बसणं. काही विचारलं की तुटक बोलणं. गाडीच्या उजव्या अंगाला भला मोठा ओरखडा आला, तेव्हा "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं" म्हणाले होते, पण नजर चुकवून.

सुट्टीच्या दिवशी ते गाडी घेऊन बाजारात गेले आणि ती त्यांच्या खोलीत शिरली. निमित्त भेटीचंच होतं. कुठले गेम आहेत ते बघायचं. मशीन सुरू केलं, हेडफोन कानाला लावले, आणि कानात एका बाईचा आवाज आला.

"आज लवकर?"

सुनेनं पडद्यावर कुणी दिसतं का ते पाहिलं.

"बोलत का नाही? बरं आहे ना?"

"तुम्ही कोण?" सुनेनं विचारलं.

आवाज एकदम कोरडा झाला. "ते मी विचारायला हवं. ज्यांचे हेडफोन आहेत ते कुठे आहेत?"

"मी त्यांची सून."

"तसं कुणीही सांगेल. घरात ते सुनेला काय म्हणतात?"

सुनेला राग आला. आपल्याच घरात उभं राहून परक्या बाईला ओळख पटवायची. पण तिनं सांगितलं. "साहेब म्हणतात. मी हुकूम सोडते म्हणून."

"हं," चिमणी म्हणाली. "म्हणजे तुम्हीच साहेब."

"तुमचं काय चाललंय त्यांच्याशी? आमच्यापासून काय लपवताय?"

"मी शब्द दिलाय त्यांना."

"मला त्यांच्या वाढदिवसाला गेम घ्यायचाय. एवढं तरी सांगा, कुठला घेऊ."

चिमणी म्हणाली, "ज्यात बाजूनं माणसं अंगावर येतात, तसला नको."

"का?"

"आहे कारण."

"मग मी बाबांनाच विचारते. आता येतीलच. गाडी घेऊन गेलेत."

"गाडी?" चिमणीचा आवाज चढला. "ते स्वतः चालवतात? मला तर म्हणाले, कधीच सोडली."

आणि मग तिनं दिलेला शब्द मोडला. दोघं इंटरनेटवरून एकाच तुकडीत खेळायची. उजवीकडून कुणी आलं की बाबांना दिसायचंच नाही, म्हणून चिमणी ओरडून सांगायची. आधी ती त्यांची चेष्टा करायची, पण नंतर तिच्या लक्षात आलं, हा डोळ्यांचा दोष आहे.

सुनेनं हेडफोन काढले. तरी तिचा विश्वास बसेना. ही बाई भलतंच काही लपवायला हे रचून सांगत असेल तर? जेवताना तिनं पाण्याचा पेला मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताला, जरा मागे ठेवला. बाबा बोलता बोलता वळले आणि कोपर लागून पेला आडवा झाला.

"इथे कुणी ठेवला हा?" ते खेकसले.

"मी," सून म्हणाली. "दिसतो का ते बघायला."

त्यांचा हात ताटातच थांबला. "माझ्या खोलीत गेली होतीस तू."

"गेले होते."

"पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"हो. आणि चिमणीला बोल लावू नका. तिलाही तुम्ही थापच मारली होती."

ते ताटावरून उठून गेले. दोन दिवस त्यांनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सून कामावर निघाली, तर बाबाच बूट घालून दारात उभे.

"तुमच्या दुकानाच्या ओळखीचा डॉक्टर असेल ना कुणी डोळ्यांचा?"

होता. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली औषधानं टिकवता येईल, पण गाडी बंद. परत येताना गाडी ती चालवत होती, बाबा तिच्या शेजारी बसले होते.

"मला वाटलं, दिसत नाही हे कळलं की मशीन काढून घ्याल," ते म्हणाले. "म्हणाल, त्यानंच डोळे गेले."

"म्हटलंच असतं मी," सून म्हणाली. "दिवसभर लोकांचे चष्मे बनवते आणि घरात मला दिसलं नाही."

वाढदिवसाला तिनं त्यांच्यापुढे मोठं खोकं ठेवलं. त्यांनी ते आधी हलवून पाहिलं, मग उघडलं. आत गेमच्या मशीनला जोडायचं स्टिअरिंग होतं आणि पायांनी दाबायचे पेडल.

"गाडीच्या बदल्यात?"

"हो."

"सरळ सांगितलंस, बरं केलंस." त्यांनी चाक हातात धरून डावीउजवीकडे फिरवलं. "खऱ्या गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?"

"नाही सांगणार."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"अजून नाही, बाबा."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पेडलवर पाय ठेवला.