निळा पंचा आणि मितूची हाक

मित्रांनो, मी एक जुना निळा पंचा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी पक्का भित्रा आहे. रुंदीला वीतभर, लांबीला मात्र एवढा की मोठ्या माणसाच्या गळ्यात घातला तर दोन्ही टोकं पोटापर्यंत येतात. जपानमध्ये फुटबॉलच्या सामन्याला जाणारे लोक माझ्यासारखे पंचे गळ्यात घालतात आणि गोल झाला की डोक्यावर गरागरा फिरवतात. बघणाऱ्यांना वाटतं, काय मजा येत असेल याला! मजा कसली डोंबलाची. दर वेळी मला वाटतं, आता यांचा हात सुटणार आणि मी हजारो पायांखाली जाणार.

माझा जन्म इमाबारीचा. समुद्राकाठचं हे गाव टॉवेलांसाठी नावाजलेलं आहे. तिथल्या एका गिरणीत मला विणलं, निळा रंग दिला आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत एका मोठ्या स्पर्धेचं नाव घातलं. मागांचा तो खडखडाट ऐकून मी जन्मल्या जन्मल्याच दचकलो, आणि तेव्हापासून दचकतोच आहे.

माझी पहिली मालकीण कावासाकीतली एक नर्स होती. दवाखान्यात म्हणे ती कशालाच डगमगत नसे. पण पेनल्टीची वेळ आली की हीच बाई माझं टोक तोंडात धरून कचाकचा चावायची. तिच्यामुळे मला फुटबॉल कळला. मित्रांनो, ज्यांनी मैदानात बसून सामना पाहिला आहे त्यांना विचारा. नव्वद मिनिटांतली ऐंशी मिनिटं माणूस नुसता घाबरलेला असतो. तरी पुढच्या सामन्याचं तिकीट काढायला तोच सगळ्यात आधी धावतो. या लोकांचं मला आजवर काही कळलेलं नाही.

पुढे ती नर्स दुसऱ्या शहरात गेली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. मोज्यांच्या ढिगाखाली, एका टोपलीत. जपानमध्ये कचऱ्याचे वार ठरलेले असतात. बाटल्यांचा वेगळा, कागदाचा वेगळा आणि जळणाऱ्या कचऱ्याचा वेगळा. आमच्या टोपलीतलं जे खपत नसे ते त्या शेवटच्या वारी जाई. तो वार जवळ आला की माझं धाबं दणाणायचं.

त्यातून मला सोडवलं ते जयेशने. हा कोल्हापूरचा गडी, कावासाकीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. कोल्हापुरात पेठापेठांचे फुटबॉलचे संघ असतात आणि आपल्या पेठेच्या संघासाठी माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात. त्या मातीतला हा माणूस. इथे मला दुकानदारापासून सगळे मफलर म्हणत. याने मला उचललं, झटकलं आणि म्हणाला, “अरे, हा तर आपला पंचा!” तेव्हापासून मी पंचा. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने, विभाने, कपाळाला हात लावला. घरात टॉवेल कमी पडले होते का, असं तिने विचारलं. पण तिनेच मला गरम पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि नीट घडी घालून ठेवलं. माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

आता मिताली. या दोघांची पाच वर्षांची लेक, घरात सगळ्यांची मितू. विभा आणि ती नुकत्याच भारतातून इथे राहायला आल्या होत्या. घरात तोंडाचा पट्टा चालू, पण बालवाडीत गेली की मिटलेली. जपानी येत नव्हतं आणि अनोळखी कुणी बोललं की तिची बोबडी वळायची. मला ती फार आपली वाटे. घरात माझ्याइतकं भित्रं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या वर्षी आशियातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा आली आणि जपानचा उपांत्य सामना योकोहामाला ठरला. जयेशने दोन तिकिटं मिळवली, आपलं आणि मितूचं. विभाला गर्दी सोसत नाही, ती घरी थांबणार होती. पण पोरीला पाठवायचं ते पुरत्या तयारीनिशी. निघताना तिने मार्कर काढला आणि माझ्या कोपऱ्यावर, क्लासात नुकत्याच शिकलेल्या जपानी अक्षरांत, मितूचं नाव आणि दोघांचे फोन नंबर लिहिले. मला मितूच्या गळ्यात घालून तिने बजावलं, “चुकलीस तर काही बोलायचं नाही, रडायचं नाही. कुणालाही हा पंचा दाखवायचा. कळलं?”

मितूने मान डोलावली. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! आजवर मी घाम पुसला होता, डोळे पुसले होते. एक अख्खी पोर माझ्यावर सोपवायची म्हणजे केवढी जोखीम!

जपानच्या संघाचा रंग निळा, त्यामुळे चाहत्यांनी भरलेली ट्रेन निळी होती. स्टेशनापासून मैदानापर्यंतचा रस्ता निळा होता. मैदानात गेलो तर जिकडे बघावं तिकडे निळे शर्ट, निळ्या टोप्या, निळे पंचे. लोकांनी निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फुगवून हातात धरल्या होत्या आणि ढोलाच्या तालावर त्या हलवत होते. मितूलाही एक मिळाली. ती खूश होती. मला मात्र एकच धडकी भरली होती. या निळ्यात आमची निळी पोर कुठे गेली तर कुणाला ओळखू येणार?

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. जयेशने पोरीचा हात घट्ट धरला होता, तो रामरक्षा पुटपुटत होता. शेवटचा चेंडू जाळ्यात गेला, जपान जिंकलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. जयेशने एक आरोळी ठोकली, मितूच्या गळ्यातून मला उपसलं आणि डोक्यावर फिरवत तो कठड्याकडे धावला.

मला, म्हणजे तिचं नाव आणि फोन नंबर घेऊन!

खेळाडू मैदानाला फेरी मारत होते. जयेश एका हाताने मला फिरवत होता, दुसऱ्या हाताने त्यांचं शूटिंग करत होता. मागे काय चाललं होतं ते गरगरताना मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. इथे सामना संपला की प्रेक्षक त्याच फुगवलेल्या पिशव्या मोकळ्या करतात आणि आपल्या आसपासचा कचरा त्यांत भरतात. कुणाला सांगावं लागत नाही. सगळे वाकलेले, सगळे कामात. मितूच्या बालवाडीतही जेवण झालं की पोरं असंच आवरतात. तेवढी एक गोष्ट तिला तिथे न बोलता करता येत असे. तिने आपली पिशवी घेतली आणि एक पेला उचलला. मग पुढच्या ओळीतला. मग तिच्याही पुढच्या ओळीतला. मी एक गिरकी घेतली तेव्हा ती जिन्यापाशी होती. दुसरी घेतली तेव्हा नव्हती.

जयेश वळला. खुर्ची रिकामी.

“मितू?”

आधी तो हसत होता. खुर्चीखाली वाकून पाहिलं, मागच्या ओळीत पाहिलं. मग हसू गेलं. मग तो ओरडायला लागला. मित्रांनो, कोल्हापुरात पोर चुकलं असतं तर अर्धी पेठ शोधायला निघाली असती, स्पीकरवरून पुकारा झाला असता. इथे तो ओरडला की माणसं अदबीने बाजूला सरून त्याला वाट करून देत होती, एवढंच. खाली फाटकातून लोकांचा लोंढा स्टेशनकडे चालला होता. त्या लोंढ्यात ती गेली असली तर? ट्रेनमध्ये चढली असली तर? जयेशच्या तळहातांना घाम सुटला होता आणि तो मला पिळत होता. माझ्या कोपऱ्यावरचे आकडे त्याच्याच मुठीत चुरगळत होते. मला काळीज नाही म्हणतात, पण ज्याचं पाणी झालं ते काय होतं मग?

तेवढ्यात एक भली बाई थांबली. त्याचा चेहरा बघून तिने विचारलं, “दाइजोबु देस् का?” म्हणजे, तुम्ही ठीक आहात ना? आणि हा शहाणा काय म्हणाला असेल? ऑफिसात दिवसभर म्हणायची सवय, तोंडातून आपोआप निघालं, “दाइजोबु, दाइजोबु.” ठीक आहे, ठीक आहे. बाई झुकली आणि निघून गेली. अरे, कुठे ठीक आहे? सगळी दुनिया बुडाली आहे तुझी आणि ठीक काय म्हणतोस! मी ओरडत होतो, पण पंच्याचं ओरडणं कोण ऐकणार.

शेवटी त्याने फाटकावरच्या माणसाला गाठलं. मोडक्या जपानीत सांगितलं, मुलगी, पाच वर्षं, निळे कपडे. त्या माणसाने आजूबाजूच्या निळ्या समुद्राकडे एकदा पाहिलं आणि कोणाबरोबर आली होती, असं विचारलं. माझ्याबरोबर, वडिलांबरोबर, असं जयेशने छातीवर हात ठेवून सांगितलं. माणूस वायरलेसवर बोलला, थोडं ऐकलं आणि मान हलवली. वडिलांपासून चुकलेली मुलगी कुठेच सापडलेली नाही. एक लहान मुलगी आहे, पण ती आजीबरोबर आलेली आहे, आजीलाच शोधते आहे.

त्याच वेळी स्पीकरवर पुकारा झाला. जयेशला त्यातले दोनच शब्द कळले, मूल आणि आजी. कुणाच्या तरी आजीला बोलावत आहेत म्हणून तो पुढे धावला. पुन्हा तोच पुकारा. पुन्हा आजी. आता त्याला त्या आजीचा रागच आला. आपलं पोर सोडून म्हातारी गेली कुठे, असं तो चक्क मराठीत पुटपुटला.

विभाला फोन करायचं तो टाळत होता. काय सांगणार? शेवटी तो पायरीवर बसला आणि त्याने फोन लावला. मी त्याच्या मांडीवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मितू सापडत नाही, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. विभा रडली नाही. तिने एकेक विचारलं. कुठे शोधलंस, कुणाला सांगितलंस, ते काय म्हणाले. एक मुलगी सापडली आहे पण ती आजीबरोबरची आहे, असं त्याने सांगितलं आणि विभाने त्याला मध्येच थांबवलं.

“जयेश,” ती म्हणाली, “आपली मितू तुला काय हाक मारते?”

“हे काय विचारतेस आत्ता? बाबा म्हणते.”

“अरे, इथे बाबा म्हणजे म्हातारी, आजी! माझ्या जपानीच्या क्लासात मी माझे बाबा म्हणाले, तर शिकवणाऱ्या सगळ्या आज्या हसत सुटल्या होत्या. धाव तू! तीच आहे आपली!”

तो कसा धावला ते मला विचारू नका. जिने, गर्दी, कोपरे. मी त्याच्या मुठीत फडफडत होतो आणि मनात एकच भीती होती. तीच असेल ना? नसली तर?

तीच होती.

एका छोट्या खोलीत बाकावर मितू बसली होती. गाल रडून सुजलेले, मांडीवर कचऱ्याने भरलेली निळी पिशवी, ती तिने सोडलीच नव्हती. आणि तिच्या शेजारी, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, पांढऱ्या केसांच्या एक जपानी आजी बसल्या होत्या.

“बाबा!” मितू ओरडली, आणि दोघांनीही वळून पाहिलं. जयेशने आणि त्या आजींनी.

जयेशने पोरीला उचललं आणि माझ्यात तोंड खुपसून तो हमसून हमसून रडला. मग भानावर येऊन आजींना वाकून वाकून नमस्कार करायला लागला. आजी भरभर काहीतरी सांगत होत्या, त्याला काही कळेना. विभा अजून फोनवरच होती. त्याने फोन आजींच्या पुढे धरला. विभाने पुन्हा पुन्हा विचारत ऐकून घेतलं, आणि इतका वेळ धीराने बोलणारी विभा आता मात्र रडायला लागली.

“त्या म्हणतायत, पोर बाबा बाबा म्हणून रडत होती. चार वेळा पुकारा झाला, कुणाची बाबा येईना. मी एकटीच सामना बघायला आले होते. म्हटलं, हिची नसले तरी मीही एक बाबाच आहे की. म्हणून येऊन बसले.”

मितूने मला त्याच्या हातातून घेतलं आणि आजींच्या ओल्या बाहीवरून फिरवलं. ती बाही तिच्याच अश्रूंनी भिजली होती. तिने ती नीट कोरडी होईपर्यंत पुसली.

मित्रांनो, मी अजून भित्राच आहे. माझा रंग उडाला आहे, कडेचे दोरे निघाले आहेत, आणि घरात कचऱ्याच्या पिशव्या बांधायला घेतल्या की मी कपाटात अंग चोरून बसतो. मला जपून ठेवा, एवढं मागणं तर प्रत्येक जुनी वस्तू करते, मीही करतो. पण त्याहून मोठं मागणं आहे. घाबरून कुणी तरी हाक मारत असतं. ती तुमच्या नावाची नसते, कधी कधी तुमच्या भाषेतलीही नसते. कुणाची आहे ते ठरेपर्यंत वाट बघू नका. आधी उठा, आणि तिच्याजवळ जाऊन बसा.