उसनं नाक

त्या रविवारी बाबांनी स्कोनचे गोड पाव करपवले. स्वयंपाकघर धुराने भरलं, तरी ते भट्टीशेजारी बसून माझ्याशी बोलतच होते.

"बाबा, करपलं!"

"असं का? मग चहात बुडवून खाऊ."

खाणीच्या पाण्यापाशी जन्म काढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. खाण बंद पडली, तरी डोंगरातून तांबं मिसळलेलं पाणी झिरपतच होतं. ते नदीत जाण्याआधी गाळायचं काम बाबांचं. पाण्यात गंधकाचं द्रावण सोडलं की तांब्याचा काळा गाळ होई, आणि मेम्ब्रेनचे पडदे तो अडवून धरत. पडद्यांवर लोखंडाचा थर चढला की ते आम्लाने धुवायचे. पण आधी गाळ पुरता काढायचा. त्याला आम्ल लागलं की विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. म्हणून धुण्याच्या वेळी बाबांचा जोडीदार गार्थ दारात उभा राहून हुंगायचा. "माझं नाक लिंडसीकडे कामाला आहे," असं तो बाबांचं नाव घेऊन पबमध्ये सगळ्यांना सांगे.

कंपनीने नुकतंच गार्थला काढलं होतं. दुपारी तोच घरी आला.

"पडदे तुंबलेत म्हणे? एकट्याने धुवायला काढू नकोस, म्हाताऱ्या. मला हाक मार."

"तुला आत पाय ठेवायची परवानगी नाही. शिवाय तुझी सर्दी बारमाही," बाबांनी चिडवलं.

"आणि वायूची घंटा?"

"दुरुस्तीला गेलीय."

"मग ती येईपर्यंत थांब की!"

"कसा थांबू? खाणीच्या पाण्याचं तळं काठोकाठ भरलंय. पडदे मोकळे झाले नाहीत, तर एक-दोन दिवसांत सगळं नदीत उतरेल." बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुला सांगितलं का, मेरिन? पुलाखाली ट्राउट मासे दिसले. माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा."

त्या चेहऱ्यापुढे 'जाऊ नका' म्हणायला माझी जीभ रेटेना. "जपून करा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्थला राहवलं नाही, तो पाणी गाळायच्या केंद्रावर गेलाच. गाळ काढायची झडप अर्धवट उघडून अडकली होती. बाबा आम्लाच्या टाकीपाशी पडले होते.

"मला फाटकापाशीच वास आला," गार्थ पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "फाटकापाशीच, पोरी. धुताना मी नुसता तिथे उभा राहून ओरडलो असतो तरी…"

चौकशी होईपर्यंत केंद्राला कुलूप लागलं. दफनाच्या आदल्या दिवशी तळं फुटून वाहिलं.

दफनानंतर काळ्या कपड्यांतच मी पुलावर गेले. नदी पुन्हा गंजाच्या रंगाची झाली होती. काठच्या दगडांत मासे उलटे पडले होते, बोटाएवढे. गार्थ माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी कठडा घट्ट धरला आणि पाण्याच्या खळखळाटातून ओरडून म्हणाले,

"बाबा, मरू दे ही नदी. तुम्ही घरी चला."