हार्लनची काठी आणि ओडेटचा रुमाल

सफरचंदाची बेचक्यासारखी फांदी दोन्ही मुठींत धरून पाणाड्या हार्लन प्रूइट चालू लागला, तसं शिबिराच्या मैदानावर जमलेलं, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं आमचं निम्मं गाव श्वास रोखून उभं राहिलं. आठच पावलं, आणि फांदीचं टोक खाडकन खाली!

"दोन झरे एकमेकांना छेदतात इथं," हार्लन डोळे मिटून म्हणाला. "तीस फुटांवर. पणजोबांपासून आमच्या हातांत वीज आहे."

टाळ्या पडल्या. मी पातेलं घासत राहिले. वीस वर्षं मी या पर्यावरण शिबिरात रांधते. विहीर आटल्यापासून तळ्याच्या बादल्या वाहून माझी कंबर मोडली होती. उद्या बोअरचं यंत्र येणार होतं. पैसे एकाच भोकापुरते होते, आणि पाणी लागलं नाही किंवा घाण निघालं, तर शिबिराला कुलूप. हार्लननं झेंडी रोवली ती नेमकी संडासाखालच्या उतारावर! वरची घाण मुरत खाली येते, हे व्हिटकॉम सरांनी सोमवारीच पोरांना शिकवलं होतं. आता तेच सर्वांत जोरात टाळ्या पिटत होते. आमच्याकडे शास्त्राचा मास्तरसुद्धा आधी पाणाड्याला बोलावतो.

शिबिरातली तेरा वर्षांची ओडेट पुढं आली. "सर, काकांना झाडओळखीचा खेळ खेळू द्या ना!"

हा खेळ इथं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी खेळतं. डोळे बांधून एक झाड चाचपायचं, मग आपलं झाड शोधून काढायचं.

"अगं पोरी, मी कुठं बघतो? काठी बघते!" हार्लन हसला.

"मग काठीचे डोळे उघडेच ठेवू," ओडेट म्हणाली.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. रुमाल बांधून त्याला दोनदा गरकन फिरवलं. काठी ध्वजखांबापाशी वाकली, लाकडाच्या ढिगापाशी वाकली, माझ्या स्वयंपाकघराच्या दारातही वाकली. त्याची स्वतःची झेंडी मात्र पायाखाली आडवी झाली, तरी काठी ढिम्म!

"रुमालानं लहरी अडतात," तो पुटपुटला.

"रुमाल डोळ्यांवर आहे काका, काठी हातात आहे."

ओडेटनं त्याच्या हातातली फांदी घेऊन ताणून धरली, मनगट किंचित वळवलं. खाडकन! मग वीस पोरांनी वीस झरे शोधले. ताणलेल्या फांदीला केसभर हललेला हात पुरतो, आणि मनात जागा ठरली की हात आपोआप हलतो. धरणाऱ्यालाही ते कळत नाही. हार्लन लबाड नव्हता, पहिला फसलेला तोच होता. शिवाय आमच्या जमिनीत खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी लागतंच, म्हणून त्याचं नाव टिकलं.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी शेजारच्या विहिरींच्या नोंदी काढल्या आणि यंत्र चढावर, संडासापासून लांब लावलं. दोनशे दहा फुटांवर स्वच्छ पाणी लागलं. मी पहिला पेला प्यायले आणि चक्क रडले.

रविवारी चर्चच्या पायरीवर गाव म्हणत होतं, "हार्लनची काठी काय जबर! चढावरचं पाणी खालच्या उतारावरून ओळखलं!"

मी कपाळावर हात मारला. लोकहो, कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या जरा थांबवा. आधी त्याचे डोळे बांधा, आणि आपले उघडे ठेवा.