टेबलाखालचा हुंकार

अकराला दोन मिनिटं कमी होती आणि काउंटरच्या बाई घरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

चोवीस वर्षं त्या एका मोठ्या ऑफिसच्या दाराशी बसल्या. सात दहाची बस, पूल चालून पलीकडे दुसरी बस, मग ते काचेचं दार. आत येणाऱ्याच्या चपलांच्या आवाजावरून त्यांना कळायचं, हा भांडायला आलाय की रडकुंडीला. मग साथ आली. माणसं घरून काम करू लागली ती घरचीच झाली. सात दहाची बस आधी रिकामी धावली, मग धावेनाशी झाली. आणि काउंटरवर बाईंच्या जागी एक पडदा उभा राहिला, आपलं नाव आपणच टाका म्हणणारा.

आता एका इस्पितळाला घरी बसून फोन घेणारं माणूस हवं होतं, आणि मुलाखत लॅपटॉपवर यंत्रच घेणार होतं. मुलाने बजावलं होतं, "आई, हे शेवटचं. नाही जमलं तर महिनाअखेर घर भाड्याने देऊ. तू माझ्याकडे ये, आत्या काकांकडे जाईल." म्हणजे तीस वर्षं एका छपराखाली भांडलेल्या, हसलेल्या नणंदा-भावजया दोन टोकांना.

"घाबरतेस काय वहिनी," नणंद म्हणाली. "एवढी माणसं हाताळलीस, हे तर यंत्र. त्याला चहासुद्धा विचारायला नको."

"तेच तर ना वन्सं. समोर माणूस असता तर..."

"बरं, मी बाहेर बसते. खोलीत दुसरं कोणी नको म्हणे."

दार लोटलं गेलं. पडद्यावर नियम आले. एकट्याने बसा. नजर पडद्यावर ठेवा. दहा सेकंद शांतता झाली की उत्तर संपलं असं धरलं जाईल. दोन सूचना माफ, तिसऱ्या सूचनेला मुलाखत बंद. चार प्रश्न, प्रत्येकाला नव्वद सेकंद. विचारणारं कोणीच नव्हतं. समोर होता तो बाईंचाच चेहरा, परका पाहुणा आल्यासारखा.

स्वतःबद्दल सांगा.

"नमस्कार," बाई म्हणाल्या, आणि सवयीने थांबल्या, समोरच्याच्या नमस्कारासाठी. आठ, नऊ, दहा. 'उत्तर नोंदवलं आहे.'

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

रागावलेल्या माणसाला कसं शांत कराल?

"आधी त्याला बसा म्हणते," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा थांबल्या. तो बसायला नको का? नवव्या सेकंदाला भानावर येऊन त्या भराभरा बोलू लागल्या, पण शब्दांत शब्द अडकले.

दार हलकेच करकरलं. पिकला अंबाडा टेबलाच्या कडेखालून सरपटत गेला आणि लॅपटॉपच्या मागे वर आला. नणंद होती. बाहेर बसून तिने ती शांतता ऐकली होती, आणि ती शांतता तिच्या ओळखीची होती. भाजी निवडताना वहिनी गोष्ट सांगायची, मध्येच थांबायची. ते थांबणं संपल्याचं नसायचं. हुंकार मिळाला की गोष्ट पुढे चालायची, नाही मिळाला की उंबऱ्यावरच बसायची.

नणंद जोरजोरात मान हलवू लागली. बाईंची नजर तिकडे गेली. 'नजर पडद्यावर नाही. सूचना एक.' नणंदेने जीभ चावली, ती बघून बाईंना हसू फुटलं. 'सूचना दोन.'

नणंदेचा चेहरा टेबलाखाली गडप झाला. आता एकच चूक, की संपलं.

एखादा कठीण प्रसंग सांगा.

"साथीच्या दिवसांत एक गृहस्थ आले," बाई म्हणाल्या. "बायकोच्या वस्तू न्यायला. ती आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर बसायची." आणि थांबल्या.

पाच. सहा. टेबलाखालून कोणीतरी त्यांच्या पायाचा अंगठा दाबला.

"वर सोडायची मनाई होती. मीच गेले. खुर्चीवर स्वेटर होता, खणात एक कप." अंगठा दाबला गेला. "तो कप हातात धरून ते तासभर बोलले. मी काही समजावलं नाही. फक्त हं म्हणत राहिले."

खाली खोकल्याची उबळ आली. नणंदेने ती पदरात कोंबली. बाईंनी पापणीही हलू दिली नाही.

शेवटचा प्रश्न. या कामाला तुम्हीच का? आणि खाली बारीक अक्षरांत: खोलीत मी एकटीच होते, असं उत्तराच्या शेवटी सांगा.

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. एक वाक्य म्हणायचं, की घर राहणार होतं. चार सेकंद. पाच. अंगठा पुन्हा दाबला गेला.

"इस्पितळात फोन करणारा घाबरलेला असतो. उत्तर त्याला नंतर लागतं, आधी हुंकार लागतो. मला कसं कळलं विचाराल, तर आत्ता टेबलाखाली माझी नणंद बसली आहे."

खालून करकचून चिमटा बसला.

"तिने अंगठा धरलाय म्हणून मी बोलू शकले. मी एकटी नव्हते."

पडदा कोरडेपणाने म्हणाला, 'धन्यवाद.'

नणंद बाहेर आली, केसांत जळमट, डोळ्यांत पाणी. "हरिश्चंद्राची मावसबहीण! माळ्यावरच्या बॅगा काढू ना आता?"

बॅगा निघाल्या. एक हिची, एक तिची. चौथ्या दिवशी त्या अर्ध्या भरलेल्या असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. इस्पितळात माणसं निवडणारा साहेब बोलत होता, दमलेल्या आवाजात.

"तुमचा अर्ज नियमाप्रमाणे बाद झालाय. यंत्राने त्याच दिवशी केला."

बाई बॅगेवर बसल्या. नणंद समोर फतकल मारून हाताने विचारत होती, काय? काय? तिने वहिनीच्या पायाचा अंगठा घट्ट धरला.

साहेब थांबला होता. फोन ठेवला नव्हता. तो श्वास बाईंनी ऐकला, आणि चोवीस वर्षांचा कान म्हणाला, याचं बोलणं संपलेलं नाही.

"हं," बाई म्हणाल्या.

"मी... मी तीन वर्षं घरूनच माणसं निवडतोय. एकालाही भेटलेलो नाही."

"हं."

"तुमचं शेवटचं उत्तर मी तीनदा ऐकलं." पुन्हा श्वास. "सोमवारी ऑफिसात येता? मीही येईन. समोरासमोर बसू."

"येते," बाई म्हणाल्या. "फक्त बस कुठली ते शोधावं लागेल. आणि आधी अंगठा सोडा, वन्सं, मुंग्या आल्या."