मिठाची गुळणी

रंग: निळा.

बंद पडलेल्या खाणीत मामा दुखऱ्या गुडघ्यांनिशी उतरला आणि भिंतीवर फुललेला हा क्षार पापुद्र्यासकट सोलून घेऊन आला. जन्मभर खाणींची मोजणी केली, पण नाव लागावं असं काही हाती आलं ते निवृत्तीनंतर. खडा नवं खनिज ठरला, तर शोधणारा म्हणून त्याची नोंद होणार होती. त्याने तो भाचीकडे दिला, कारण ती संग्रहालयात दगड साफ करायची. पाणी लावू नकोस, हेही बजावलं. तेव्हा ती फोनवर होती. हो हो म्हणाली.

पाण्यात: विरघळतो.

हे तिला नळाखाली कळलं. आलेला दगड आधी धुवायचा. हात आपोआप गेला. ब्रश फिरला न फिरला, तोच खडा निळं पाणी होऊन बोटांतून निसटला. केल्या कष्टांवर पाणी पडलं असं लोक नुसतं म्हणतात. दुसरा मिळायचीही सोय नव्हती. मामा वर आल्यानंतर खाणीतले पंप काढून नेले होते, बोगदा तुडुंब भरला होता.

कठीणपणा: हे नंतर.

चमक: काचेसारखी.

म्हणजे आता बरणीत जो होता, त्याची. तो मोरचुदाचा, तिने वाटीत स्वतः वाढवलेला. निळ्याला निळा. उद्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत बिंग फुटणारच होतं. तिला फक्त आजचा दिवस ढकलायचा होता. आणि नेमका आजच मामा खडा बघायला आला.

चव:

मामा भलताच खुशीत होता. यंत्रंबिंत राहू देत, म्हणाला, याची खरी ओळख जिभेवर. आधी तुरट, मग गोडसर, थेट तुझ्या मामीसारखा. बोलता बोलता त्याने बरणी उघडली आणि खडा तोंडाजवळ नेला.

मोरचूद विषारी. तिने त्याचं मनगट धरलं.

"जीभ नको लावूस, मामा."

"का गं?"

तिने मिठाची गुळणी धरली. मामाने एकदा खड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मोरचूद?"

तिने मान हलवली.

"आणि माझा?"

"धुतला."

कठीणपणा:

तो ओरडला असता, तर सोपं गेलं असतं. तो स्टुलावर टेकला आणि गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, दगड आधी धुवायचा हे तुला लहानपणी शिकवलं कुणी? मीच ना.

तिला मान वर करवेना.

जरा वेळाने त्याने ब्रश मागितला. तिने तो खणात पार मागे ढकलला होता. केसांच्या मुळाशी निळं वाळून बसलं होतं. मामाने जिभेचं टोक लावलं, डोळे मिटले.

"हाच," तो म्हणाला आणि ब्रश तिच्यापुढे धरला. "घे. निदान तुला तरी ओळखता यावा."

तिने चाखलं. तुरट लागलं. मग ती थांबून राहिली, पुढची चव यायची म्हणून. गोडसर असं काही आलंच नाही.