धुरात अडकलेला श्वास

पंजाबात मोहालीजवळ, खरड गावाच्या पुढे, एका आश्रमाच्या मोकळ्या मैदानात, ऐन थंडीतल्या सकाळी जुन्या गाड्यांची रांग लागली होती. पीयूसीत, म्हणजे धुराच्या चाचणीत, नापास झालेली गाडी धूम्रहरण महाराजांच्या राखेने पास होते, अशी ख्याती होती. नियम कडक. गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायची आणि महाराजांचा हात लागेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. इंजिनालाही उपास घडतो, हे मला तिथे कळलं.

आमची गाडी माझ्या वडिलांची. निवृत्तीनंतर साताऱ्याहून ती स्वतः चालवत ते आमच्याकडे मोहालीला आले. मागच्या हिवाळ्यात फुप्फुसांच्या आजाराने, श्वासासाठी तडफडत गेले. गाडी चाचणीत नापास झाल्यावर मी ती मोडीत काढायला निघालो, तर आई हट्टाने इथे घेऊन आली.

आमची पाळी आली, तेव्हा सेवकाने किल्ली फिरवून ॲक्सिलरेटर दाबला. सायलेन्सरपुढे धरलेलं पांढरं फडकं काळं झालं. महाराजांनी डोळे मिटले.

"माताजी, ये धुआं नहीं है. आपके पति की सांस अटकी है इसमें. आज भी तड़प रहे हैं."

आईने माझा हात घट्ट धरला. वडिलांचा आजार तिनेच रांगेत एका सेविकेला सांगितला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

महाराजांनी बॉनेटवर राख टाकली आणि प्रदक्षिणा सांगितली. हायवेने लांबवर जाऊन यायचं, वाटेत इंजिन बंद करायचं नाही. आम्ही परत आलो, तर नवं फडकं पांढरंच राहिलं. लोकांनी जयजयकार केला.

"थोड़ी सांस छूटी," महाराज म्हणाले. "बाकी धीरे-धीरे."

त्यानंतर आई रोज पहाटे पार्किंगमध्ये जाऊन मला गाडी चालू करायला लावायची. धूर यायचाच. "अजून त्रास होतोय रे त्यांना," म्हणून रडायची. तिचं जेवण सुटलं. मी चिडायचो, समजावायचो, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी महाराजांनी उपाय काढला: गाडी आश्रमात कायमची सोडा, म्हणजे आत्मा सुटेल. आई तयारही झाली. आश्रमामागे अशा सुटलेल्या आत्म्यांच्या गाड्या विकायला उभ्या होत्या, हे तिला दिसत नव्हतं.

माझी मुलगी अक्षरा सातवीत आहे. मराठी समजते, बोलते हिंदीत. ती म्हणाली, "आजी, एक बार राख के बिना घूम के आते हैं ना."

आई नको नको म्हणत गाडीत बसली. राख नाही, मंत्र नाही, फक्त हायवेवरची चक्कर. परत येऊन अक्षराने फडकं धरलं. पांढरं राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आजीसमोर गार गाडीवर महाराजांकडून आणलेलीच राख टाकली आणि मी इंजिन चालू केलं. फडकं काळं झालं.

गार इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी होते. धूर साफ करणारा सायलेन्सरमधला भागही तापल्याशिवाय काम करत नाही. चमत्कार प्रदक्षिणेत होता, आणि गाडी रात्रभर गार करवून घेणं ही त्याची तयारी होती. मी एअर फिल्टर बदलला, इंजिन तापवून गाडी चाचणीला नेली. पास झाली.

आई काळं फडकं हातात घेऊन बसली होती.

"म्हणजे ते इथे नव्हतेच?"

"नाही आई. त्यांचा त्रास ते गेले तेव्हाच संपला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग ओक्साबोक्शी रडली. "पण मला वाटत होतं, त्यांच्यासाठी अजून काहीतरी करता येईल."

या इच्छेवर विज्ञानाकडे उपाय नाही, आणि ते तसं कबूल करतं. मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिच्याजवळ बसलो.

गेलेल्या माणसाला त्रास होत नाही. तो मागे राहिलेल्याला होतो, आणि त्या त्रासावरच हे लोक पोट भरतात. तुमचं माणूस अजून तडफडतंय असं कुणी सांगितलं, तर रडण्याआधी त्या सांगणाऱ्याला एवढंच म्हणा: राख न टाकता करून दाखव.