तीन झाडांखालची माती

थोरलीचं लग्न एकदा मोडून पुन्हा जमलं, त्या वर्षीची ही गोष्ट. रोपवाटिकेत तपासणीला आलेल्या मॅडम सातव्या वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि थोरलीची आई पाणी घालायचं थांबवून झारी घेऊन तिथंच उभी राहिली.

मॅडमनी पाइनचं रोप अलगद उपटलं, मुळं पाण्यात खळबळून भिंगाखाली धरली.

"बाकी वाफ्यांत मुळांवर एकच बुरशी आहे, तुम्ही पाकिटातून घालता ती. इथं पांढरी, पिवळी, ही काळी केसाळ... सहा तरी प्रकार आहेत!"

"म्हणजे रोग?" रोपवाटिकेचे नवे साहेब दचकले.

"रोग कसला! ही झाडाला पाणी पोचवते, झाड हिला साखर देतं. पण आली कुठून?"

साहेब गर्रकन वळले. गेल्या साली मूळकुजीनं निम्मी रोपं गेली होती. तेव्हापासून बाहेरची माती आणणाऱ्याला त्याच दिवशी घरी बसवायचं, असा हुकूम होता.

"हा वाफा कुणाकडे?"

थोरलीच्या आईनं झारी खाली ठेवली. नवरा गेलेला, घरात पगार तिचा एकटीचा. माती तिनंच आणली होती, जेवणाच्या डब्यातून, चोरून. याच वाफ्यांवर जन्म काढलेल्या सासूबाईंनी अंथरुणातून हट्ट धरला होता, "एका झाडाच्या मातीनं भागत नाही गं. तीन म्हाताऱ्या झाडांखालची आण."

"सासूबाईंनी आणली," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मला भेटायचंय त्यांना," मॅडम उठल्याच.

थोरलीची आई पुढं झाली, साहेबही मागून निघाले. दार ढकलताच ती घाईनं म्हणाली, "आई, सातव्या वाफ्यातली माती तुम्हीच टाकलीत ना?"

सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला.

"मग कोण टाकणार? ही? पाल दिसली तर खाटेवर चढते!" मग मॅडमना म्हणाल्या, "लिहून घ्या. ओढ्याकाठचं एक, वीज पडून अर्धं जळलेलं एक, आणि खडकातलं वाकडं."

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांची नजर पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवर गेली. काड्यांसारखे पाय. वर्षभर जमिनीला टेकले नसावेत.

साहेब दाराबाहेर बूट काढत होते. मॅडमनी पांघरूण ओढून ते पाय झाकले आणि पुढं लिहू लागल्या.

मॅडमच्या अहवालात सासूबाईंचं नाव आलं आणि थोरलीच्या आईची नोकरी राहिली. तो हाती पडण्याआधीच, थोरलीच्या लग्नाला अकरा दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी सासूबाई गेल्या.